कोपरापर्यंत

१

आमच्या घरात महिना कुठला चाललाय हे बांच्या अंगावरून कळायचं. सुगी झाली की मातीची कणगी गळ्यापर्यंत भरलेली असायची. बा खाचांच्या लाकडी शिडीवरून चढायचे, कणगीवरची गवताची टोपी डोक्यानंच वर ढकलायचे आणि भोपळ्याचा तुंबा आत घालून बाजरी काढायचे. तेव्हा त्यांचा हात कोपरापर्यंत आत जायचा. थंडी सरताना खांदा जायला लागायचा. ऊन तापलं की छाती, मग कंबर. पेरणीच्या दिवसांत शिडीच्या टोकाला बांचे नुसते दोन पाय दिसायचे आणि आतून तुंबा भिंतीला घासल्याचा खर्र खर्र आवाज यायचा. त्याही पुढे मग घरातलं एखादं लहान पोर कमरेला दोरी बांधून आत सोडायचं आणि त्यानं भरून दिलेला तुंबा वरून उचलून घ्यायचा.

माझा धाकटा भाऊ, माझ्या बहिणी, सगळे लहानपणी आत उतरलेत. मी कधीच नाही. मी थोरला. आमच्या टेकड्यांत बाप जिवंत असेपर्यंत थोरलं मूल त्याच्या कणगीत डोकावत नाही. डोकावलं तर ते बापाच्या मरणावर टपलंय असं समजतात. बाप गेला की भाऊबंद थोरल्याला बापाचाच अंगरखा उलटा करून घालतात, शिडीवर चढवतात आणि आतलं दाखवतात. त्या दिवसापासून कणगी त्याची. तोवर टोपी उचलली गेली की आपण पाठ फिरवायची. मी चाळीस वर्षं पाठ फिरवत आलो. इतकं अंगवळणी पडलंय की बाजारात कुणी डोक्यावरची टोपी काढली तरी माझी मान आपोआप वळते, आणि लोक हसतात.

पण पाठ फिरवली म्हणून दिसायचं थोडंच थांबतं? कणगी अंगणाच्या पूर्वेला आहे आणि तिच्या समोर आईच्या रिकाम्या खोलीची भिंत. आई गेली त्याला बारा वर्षं झाली. सकाळी सूर्य वर आला की कणगीची, शिडीची आणि बांची सावली त्या भिंतीवर पडते. दर तिसऱ्या सकाळी बा बाजरी काढायचे आणि मी भिंतीकडे तोंड करून उभा असायचो.

पेरणीची सकाळ होती. मी खांद्यावर कुदळ घेऊन निघालोच होतो. भिंतीवरची सावली शिडी चढली. तिनं टोपी उचलली. हात आत घातला.

कोपरापर्यंत.

आणि भरलेला तुंबा बाहेर आला.

२

माणसानं आधी सोपी कारणं शोधावीत. मीही शोधली. सुगीला आम्ही एकोणीस टोपल्या भरल्या होत्या. प्रत्येक टोपली मी स्वतः शिडीच्या पायथ्याशी आणून ठेवली होती, म्हणून मला पक्कं ठाऊक. चांगल्या वर्षी पन्नास होतात. एकोणीस टोपल्या म्हणजे फार तर आंब्याला मोहर येईपर्यंत. आता आंबे पिकून, गळून, कोयाही वाळल्या होत्या.

वाटलं, दूर कुमासी शहरात कामाला गेलेला धाकटा भाऊ काही पाठवत असेल आणि बा बोल्गाटांगाच्या बाजारातून गुपचूप पोतं आणत असतील. पण पोतं काही पायांनी चालत घरी येत नाही. आणि बांना तर आता विहिरीपर्यंत जाताना दोनदा बसावं लागत होतं.

तिपोका, माझी बायको, दगडी पाट्यावर बाजरी भरडत होती. तिच्याजवळ जाऊन बसलो.

"बाजरी किती उरली असेल ग?"

तिनं वरही पाहिलं नाही. "अहो, मिळतेय ना? पलीकडच्या घरात गोरखचिंचेची पानं उकळून नुसतं पाणी पितायत. आपल्याकडे दोन वेळा घाटा शिजतोय. आणि तुम्हाला उरलेली मोजायचीय."

"मी मोजत नाही. मी म्हणतोय, मेळ बसत नाही."

"बसेल कसा? तुम्ही पडलात कोठारमास्तर!" ती खो खो हसली.

हे नाव मला सगळ्या गावानं दिलं होतं. आदल्या वर्षी शहरात दोन दिवसांचं शिबिर झालं होतं. अडीअडचणीसाठी घरात धान्याचा साठा कसा करावा, कसा टिकवावा, ते शिकवलं. धान्य चांगलं वाळवा, जुनं आणि नवं एकत्र करू नका, कणगी तळापर्यंत झाडून धुरी द्या. चांगलं होतं सगळं. मी ते घरी येऊन ज्याला त्याला ऐकवलं, न विचारता ऐकवलं. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस कसा असतो ते बघायचं असेल, तर त्या वर्षीचा मी बघायला हवा होता.

तिपोकानं मूठभर बाजरी अंगणात फेकली. कोंबड्या धावत आल्या. माना वाकड्या करून त्यांनी दाण्यांकडे पाहिलं, एकीनं पायानं थोडं उकरलं, आणि सगळ्या निघून गेल्या.

"माजल्यात मेल्या," तिपोका म्हणाली.

मी चिमूटभर दाणे उचलले. एकाही दाण्याला कीड नव्हती, कोंडा नव्हता. जूनच्या उन्हात ते विहिरीच्या तळच्या खड्यांसारखे गार लागत होते. दुपारी पुन्हा पाहिलं. दाणे तसेच पडले होते आणि मुंग्यांची रांग त्यांना वळसा घालून चालली होती.

३

आमच्याकडे पोरींच्या कमरेला जन्मापासून मण्यांची माळ असते. पोर बाळसं धरतं तशी ती घट्ट होते, मग आई दोरा वाढवते. आमची थोरली लारिबा सात वर्षांची. तिची माळ निळ्या-पांढऱ्या मण्यांची, तिपोकाच्या आईनं ओवलेली.

एका सकाळी लारिबा पाणी घेऊन येत होती आणि माळ तिच्या गुडघ्यांवर आली. तिनं एका हातानं ती वर ओढली, डोक्यावरची घागर जराही हलू न देता. जणू रोजचंच होतं.

तिपोकानं ते पाहिलं. मीही पाहिलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी लारिबाला सायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. सायकल चालवताना मागे कुणी बसलंय असं वाटतच नव्हतं. दोनदा मी वळून पाहिलं.

मर्सी सिस्टरनं तिच्या दंडाला कुपोषण मोजायची रंगीत पट्टी लावली. पट्टी लाल खुणेपर्यंत आवळली तरी सैल राहिली.

"काय खायला घालता हिला?"

"घाटा. दोन वेळा. भेंडीच्या सारासोबत."

"खोटं बोलू नका हो. तुमच्याकडे काही नाही, हे सांगायला लाज कसली? या साली कुणाकडेच नाही."

"आमच्याकडे आहे, सिस्टर."

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या मनगटाकडे. मीही पाहिलं. घड्याळाचा पट्टा मी शेवटच्या भोकात कधी अडकवला होता, आठवेना.

सिस्टरनं शेंगदाण्याच्या लगद्याचं पाकीट फोडून लारिबाच्या हातात दिलं. असल्या पाकिटावर उपाशी पोरं तुटून पडतात. लारिबानं जिभेचं टोक लावलं आणि पाकीट अदबीनं परत केलं.

"पोट भरलंय," ती म्हणाली.

"कशानं भरलंय?" सिस्टरनं तिच्या पोटावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "पोट पाठीला लागलंय, आणि म्हणे भरलंय!"

त्या बाकावर बसल्या बसल्या मला एक गोष्ट उमगली. त्या साऱ्या उन्हाळ्यात मला एकदाही भूक लागली नव्हती.

४

परत आल्यावर लारिबाला मी दारातल्या झाडाखाली बसवलं. तिला विचारायचं होतं ते वर्षभर माझ्या डोक्यात कुठंतरी पडून होतं. विनोद म्हणून मी ते बाजूला टाकलं होतं.

शिबिरातून आलो त्याच आठवड्यातली गोष्ट. सुगी तोंडावर आली होती, कणगी रिकामी होती. रिकामी म्हणजे तळाशी दोन ओंजळी जुनी बाजरी सोडून. ती कुणीच काढत नाही. कितीही दुष्काळ पडो, तळ खरवडायचा नाही. ती बसणाऱ्यांची असते. बसणारे म्हणजे कोण, हे आम्ही विचारत नाही. आजोबाचे आजोबा आणि त्यांच्या मागचे, एवढं सगळे धरून चालतात.

मी म्हणालो, तळ झाडायचा.

बा म्हणाले, "तेवढं राहू दे रे. बसणाऱ्यांचं आहे ते."

"बा, किडे तिथंच बसतात. तुमचे बसणारे म्हणजे तेच," मी म्हणालो, आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसलो.

 बांनी लारिबाच्या कमरेला दोरी बांधली. म्हाताऱ्या बापाला शिकलेल्या मुलाशी वाद घालायचा कंटाळा येतो, तसंच झालं असणार. मी नेहमीप्रमाणे पाठ फिरवून उभा राहिलो. केरसुणीचा आवाज येत होता. मग आतून लारिबाचा आवाज घुमून आला.

"बाबा, यांच्या पायाखालचं पण झाडू?"

आणि मी भिंतीकडे तोंड करून म्हणालो, "हो, सगळं झाड. एक दाणा ठेवू नकोस."

करडी पडलेली ती दोन ओंजळी बाजरी मी स्वतःच्या हातानं उकिरड्यावर टाकली.

आता झाडाखाली मी विचारलं, "लारिबा, तेव्हा तू कणगी झाडलीस ना. कुणाच्या पायाखालचं म्हणालीस?"

"बसलेत त्यांच्या."

"किती जण होते?"

तिनं आठवून पाहिलं. "मला पायच दिसले. वर अंधार होता."

"घाबरली नाहीस?"

"त्यांनी पाय वर उचलले ना," ती म्हणाली. "मला झाडता यावं म्हणून."

५

दुसऱ्याच दिवशी सकाळी बाजरी काढायची पाळी होती. मी भिंतीसमोर उभा राहिलो आणि ठरवलं की डोळ्यांत तेल घालून बघायचं. बुद्धी शाबूत आहे तोवर वापरावी.

बांची सावली चढली. टोपी वर झाली. हात आत गेला, कोपरापर्यंत, आणि थांबला. खाली वाकला नाही, ढवळला नाही, खरवडला नाही. बाजरी तुंब्यात शिरताना जो सळसळ आवाज होतो तोही नाही. हात नुसता धरलेला होता, पाणपोईवर ओंजळ धरतात तसा. मग कणगीच्या काठावर, बांच्या हाताच्या सावलीला लागून, आणखी एक बारीक सावली वर आली, तुंब्याला खालून आधार दिला आणि परत गेली.

ढग आला असेल. पक्षी असेल. सकाळचं ऊन तिरपं असतं, एका हाताच्या दोन सावल्या पडू शकतात. हे सगळं मी स्वतःला सांगितलं. आकाशात ढगाचा मागमूस नव्हता, नाहीतर आमची ही दशा कशाला झाली असती?

बा उतरले तेव्हा मी त्यांना हाताला धरून ओट्यावर बसवलं. हात लाकडाच्या ढलपीसारखा हलका.

"बा, कणगीत किती आहे?"

हे विचारायचं नसतं. त्यांनी रागवायला हवं होतं. ते रागावले नाहीत.

"थंडीतच संपली, अयिने."

"मग तुम्ही काढता काय?"

"मी काढत नाही रे. मी तुंबा आत धरतो. भरून येतो."

अंगणात लारिबा धाकट्या भावाला खेळवत होती. बा तिच्याकडे बघत राहिले.

"पहिल्यांदा भरून आला तेव्हा मी शिडीवरच रडलो. म्हटलं, आपण त्यांच्या ताटातलं ओढून घेतलं, तरी माफ केलं त्यांनी. वाढायला लागले."

"आणि आता?"

"वाढणारा शेवटी स्वतःही जेवायला बसतोच, पोरा." त्यांनी तुंबा माझ्या मांडीवर ठेवला. काठोकाठ भरलेला. "मी थांबून पाहिलं होतं एकदा. झाडांना पालवी फुटली तेव्हा. एक खेप चुकवली. दुसऱ्या दिवशी धाकटं असं रडलं, असं रडलं, की तुझी बायको त्याच्या तोंडात माती घालायला निघाली होती. तू शेतात होतास. तुला कुणी सांगितलं नाही."

"मग काय करायचं?"

"मी मेलो की कणगी फोड. मला पुरायच्या आधी फोड. भाऊबंदांना तुला शिडीवर चढवू देऊ नकोस."

मी हो म्हणालो. बापाला हो म्हणायचं असतं.

६

बा त्याच आठवड्यात गेले. सकाळी उठवायला गेलो तर अंथरुणावर उशीएवढा फुगवटा होता. मी त्यांचे पाय धुतले. डाव्या पायाचा अंगठा तरुणपणीच कुदळीनं गेलेला. त्या जागी गुळगुळीत कातडी होती, तिच्यावरून मी लहानपणी बोट फिरवायचो. त्या दिवशीही फिरवलं. मला फार रडू आलं.

कणगी मी फोडली नाही. कुदळ घेऊन तिच्यासमोर उभा राहिलो होतो, हे खरं. पण बांचे चुलतभाऊ, अकोल्बिला काका, भाऊबंदांना घेऊन अंगणात आले.

"वेड लागलं काय तुला? बापाची कणगी फोडतोस? आधी बघ, मग तुझी झाली की फोड नाहीतर चाट!"

आणि दुसरंही एक खरं सांगतो. मला बघायचं होतं. चाळीस वर्षं मी भिंत बघितली होती. आत थोडी तरी बाजरी असेल, बा म्हातारपणी बरळले असतील, ही आशा माझ्या मनातून जात नव्हती. आशेइतकी चिवट चीज दुसरी नाही, दुष्काळात तर नाहीच.

बांना त्याच दिवशी पुरलं, आणि दाखवण्याचा विधी चौथ्या दिवशी ठरला. तोवर कणगीला कुणी हात लावायचा नाही. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी भूक आली. पाच-सहा महिन्यांची थकीत भूक एकदम दारात यावी तशी. तिपोका पोट धरून पाट्याशेजारी आडवी झाली. धाकटा रडत राहिला, मग रडायचाही थांबला. लारिबाला मी सिस्टरनं सोबत दिलेली पाकिटं फोडून भरवली. तिनं हावरटासारखी खाल्ली आणि सगळी ओकली. पुन्हा खाल्ली, पुन्हा ओकली.

"बाबा, आजोबांची बाजरी दे ना," ती म्हणत होती. "ती राहते पोटात."

शेळ्या आम्ही कधीच विकल्या होत्या. शेजारी मागायला जावं तर शेजारी आमच्याच दारात भांडं घेऊन उभे. शेतात बाजरी वीतभर वाढून करपली होती.

चौथ्या सकाळी काकांनी बांचा अंगरखा उलटा करून माझ्या अंगात घातला. शिवणी बाहेर, घामाचा वास आत. मला धरून शिडीवर चढवलं आणि स्वतः माझ्यामागे खालच्या खाचेवर उभे राहिले. खाली सगळे माना वर करून उभे होते, सगळ्यांचे डोळे खोल गेलेले. काकांनी टोपी उचलली आणि माझ्या मानेवर हात ठेवून डोकं आत दाबलं.

आत अजून मीच द्यायला लावलेल्या धुरीचा वास होता. पहिल्यांदा काही दिसलं नाही. मग तळ दिसला. उघडा, स्वच्छ, करडा. त्यावर केरसुणीचे फराटे होते, अर्धगोल, लहान हाताचे. वर्षभरापूर्वी लारिबानं जसे सोडले होते तसेच. त्यानंतर आम्ही एकोणीस टोपल्या त्यावर ओतल्या होत्या. तरी फराटा मोडलेला नव्हता. आत एक दाणा नव्हता.

काकांनी टोपी आणखी थोडी उचलली. उजेड भिंतीवरून खाली सरकला. भिंतीला टेकून, तळाभोवती, पाय होते. गुडघे उंच घेऊन बसलेल्या माणसांचे पाय, पंक्तीत बसल्यासारखे ओळीनं. गुडघ्यांवर अंधार होता. मी मोजले नाहीत. माझी नजर शेवटच्या जोडीवर गेली. ते पाय स्वच्छ धुतलेले होते, आणि डाव्याला अंगठा नव्हता.

त्याच्या पलीकडे थोडी जागा रिकामी होती. फार नाही.

"पाहिलंस?" काकांनी विधीचा प्रश्न विचारला.

"पाहिलं."

"आहे?"

याला उत्तर एकच असतं. आजवर कुठल्याही थोरल्यानं दुसरं दिलेलं नाही. खाली तिपोका पोरांना कुशीत धरून माझ्या तोंडाकडे बघत होती. लारिबानं ओठांवरून जीभ फिरवली.

"आहे," मी म्हणालो.

बायकांनी आनंदानं किलकारी दिली. काका तर चक्क रडले. त्यांनी माझ्या हातात तुंबा दिला.

मी हात आत घातला. कोपरापर्यंत.

७

लोक म्हणतात, अयिनेचं नशीब मोठं. बाप गेला पण भरलेली कणगी ठेवून गेला. काका अधूनमधून वाडगा घेऊन येतात. त्यांना मी रिकाम्या हातानं पाठवतो, आणि ते मला मनात शिव्या देतात. देऊ देत. निदान त्यांना भूक लागते.

कणगी फोडायचा विचार मी रोज करतो. फोडली तर लारिबा दोन दिवसांत रडत, ओकत जाईल. नाही फोडली तर हळूहळू जाईल, पोट भरल्यासारखं वाटून. आईबापाला यातलं एक निवडायला लावणारा कोण असेल तो असो, त्याचं कधी भलं होऊ नये. मी निवडलंय. पोरीला रडताना मला बघवत नाही. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

उकिरड्यावरची ती करडी बाजरी शोधायला मी गेलो होतो. दोन दिवस हातानं उकिरडा उपसला. सात दाणे सापडले. ते मी कणगीत टाकले. पडल्याचा आवाज आला नाही.

लारिबा आता चालत नाही. तिपोका सकाळी तिला उचलून आईच्या खोलीच्या भिंतीशी उन्हात बसवते. तिची माळ मागच्या आठवड्यात कुठंतरी गळून पडली. तिपोकानं घर, अंगण, विहिरीची वाट, सगळं पालथं घातलं. मिळाली नाही.

ती माझी थोरली. कणगी आता माझी आहे, म्हणून मी चढलो की पाठ फिरवायची पाळी तिची. तिला कुणी शिकवलं नाही, ती आपली आपण भिंतीकडे तोंड करून बसते.

आज मी चढलो. टोपी उचलली. आत बघायचं नाही, हे मी पहिल्या दिवसापासून ठरवलंय. मी समोर शेताकडे बघत तुंबा आत धरतो आणि वजन आलं की काढून घेतो. आज वजन आलं, पण तुंबा वर येईना. कुणीतरी तो धरून ठेवला होता.

मी खाली पाहिलं.

काठाशी अंधारातून एक हात वर आला होता. लहान, पोराचा. तुंबा त्याला पेलत नव्हता. मनगटाभोवती निळ्या-पांढऱ्या मण्यांची माळ तीनदा गुंडाळलेली होती.

मी झटकन वळून पाहिलं. लारिबा अंगणातच होती. उन्हात बसलेली, माझ्याकडे पाठ, तोंड भिंतीकडे. तिचे खांदे श्वासागणिक वरखाली होत होते. ती जिवंत होती.

"बाबा," ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "घे ना. ती कधीची धरून बसलीय."

मी तुंबा घेतला.